रेषीय समीकरणं अगदी पहिल्यापासून : सुरुवात रिक्षाच्या मीटरवरून

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याने रेषीय समीकरण पाहिलेलंच नाही असं होत नाही. ते रिक्षाच्या मीटरवर रोज पळत असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. त्यात पहिले दीड किलोमीटर येतात आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे लागतात. आकडे पुढेमागे बदलतील, पण भाड्याची रचना हीच राहील: काही रक्कम ठरलेली, काही अंतराप्रमाणे वाढणारी. या लेखाला एवढं भांडवल पुरे.

लेख तिघांसाठी आहे. आठवी-नववीत ज्यांची बीजगणिताशी नुकतीच ओळख झाली ते, त्यांना संध्याकाळी शिकवायला बसणारे आणि मध्येच अडखळणारे आईबाबा, आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा वही उघडलेले. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. तिथे अडणारी बरीच मुलं खरं तर आठवीतच अडलेली असतात. म्हणून घाई न करता एका चलापासून सुरू करू. चल म्हणजे ज्याची किंमत शोधायची ते अक्षर. पुस्तकात त्यासाठी एक्स आणि वाय असतात, इथे क्ष आणि य वापरतो.

पहिली पायरी : क्ष म्हणजे नेमकं काय, ते वाक्यात लिहा

हिशेब सोपा जावा म्हणून १४ पैसे सोडून देऊ आणि दर १७ रुपये धरू. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली, घरी उतरताना मीटरवर ७७ रुपये दिसले. किती अंतर झालं?

२६ + १७क्ष = ७७

दोन्ही बाजूंतून २६ वजा केले की १७क्ष = ५१ राहतात. दोन्ही बाजूंना १७ ने भागलं की क्ष = ३.

बहुतेक जण इथे उत्तराखाली दोन रेघा मारून ‘३ किलोमीटर’ लिहितात, आणि ते चुकतं. आपण १७ ने गुणलेला क्ष हा पहिल्या दीड किलोमीटरनंतरचा प्रवास होता. एकूण अंतर साडेचार किलोमीटर. समीकरण बरोबर सुटलं तरी उत्तर चुकलं, कारण क्ष कशासाठी घेतला ते कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यापेक्षा सुरुवातीलाच ‘क्ष = एकूण अंतर, किलोमीटरमध्ये’ असं लिहिलं असतं, तर दीडनंतरचं अंतर क्ष − १.५ झालं असतं:

२६ + १७(क्ष − १.५) = ७७
२६ + १७क्ष − २५.५ = ७७
१७क्ष + ०.५ = ७७
१७क्ष = ७६.५
क्ष = ४.५

दोन्ही रस्ते चालतात. फक्त कुठल्या रस्त्याने निघालो ते कागदावर हवं. माझ्या मते संपूर्ण बीजगणितात याहून फायद्याची सवय नाही, आणि परीक्षेत याचा अर्धा गुणही असतो.

क्ष या अक्षराला घाबरायचं कारण नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशींना रंगांची नावं देत. पहिली राशी यावत्तावत्, म्हणजे ‘जेवढी असेल तेवढी’, आणि दुसरीपासून पुढे कालक, नीलक, पीतक. तुम्ही क्षऐवजी ‘अ’ घ्या, ‘कि’ घ्या, उत्तर तेच येईल.

दुसरी पायरी : बरोबरच्या चिन्हाला मान द्या

प्राथमिक शाळेत बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर येतंय’ असा मनात बसलेला असतो. त्यातून वहीत अशा ओळी उमटतात: ३ × १७ = ५१ + २६ = ७७. हे खोटं आहे. तीन सतरं ७७ होत नाहीत. हिशेब बरोबर, लिहिणं चूक. अंकगणितात हे खपून जातं, बीजगणितात मात्र हीच सवय पुढे नडते.

हे चिन्ह वेल्सचे रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापील पुस्तकात वापरलं. समान लांबीच्या दोन समांतर रेघांइतकं एकसारखं दुसरं काय असणार, असं कारणही त्यांनी दिलं होतं. तोच अर्थ धरून चला: डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे ती एकच संख्या, फक्त दोन प्रकारे लिहिलेली. मग एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूलाही करावंच लागतं, नाहीतर त्या दोन संख्या एक राहणार नाहीत.

पुस्तकात इथे तराजूचं चित्र असतं. पहिल्या तासाला ते ठीक आहे. पण उणे पाच आले की मुलं विचारतात, उणे पाच किलो पारड्यात कसे ठेवायचे? प्रश्न रास्त आहे. मी चित्रापेक्षा ‘दोन्ही बाजूंना तेच’ एवढ्या नियमावर भिस्त ठेवतो.

तिसरी पायरी : पक्षांतर उशिरा शिका

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ यालाच पक्षांतर म्हणतात. क्लासमध्ये हा मंत्र पहिल्याच दिवशी दिला जातो आणि पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच येतात. ३क्ष = १२ दिलं की मूल लिहितं, क्ष = १२ − ३ = ९. त्याच्या दृष्टीने त्याने मंत्र पाळला आहे: तीन पलीकडे नेले, चिन्ह बदललं.

मंत्र ज्याचं संक्षिप्त रूप आहे ती गोष्ट आधी समजली पाहिजे. क्ष + ७ = १५ मध्ये क्षला सात मिळवलेले आहेत, म्हणून दोन्ही बाजूंतून सात काढायचे. ३क्ष = १२ मध्ये क्षला तीनने गुणलेलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना तीनने भागायचं. जी क्रिया झाली तिच्या उलट क्रिया करायची. पहिले काही आठवडे प्रत्येक ओळीच्या उजवीकडे, वहीच्या समासाला, काय केलं ते लिहा: ‘−७’, ‘÷३’. हात बसला की लिहिणं आपोआप सुटतं, आणि मग पक्षांतर खुशाल वापरा.

चल दोन्हीकडे असेल तरी वेगळं काही करायचं नाही. ७क्ष − ४ = ३क्ष + २० मध्ये दोन्ही बाजूंतून ३क्ष काढा, मग ४ मिळवा. ४क्ष = २४, क्ष = ६.

कंस आणि अपूर्णांक : गुण इथेच जातात

५ − २(क्ष − ३) = १ हे घ्या.

कंसाबाहेर उणे दोन आहेत. ते आतल्या दोन्ही पदांना लागतात. उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा:

५ − २क्ष + ६ = १
११ − २क्ष = १
−२क्ष = −१०
क्ष = ५

चुकणारे दोन ठिकाणी चुकतात. काही जण ‘−६’ लिहितात. काही जण त्याही आधी ५ − २ करून ३(क्ष − ३) = १ असं काहीतरी बनवतात. ते २ कंसाला चिकटलेले आहेत, आधी गुणाकार, मग वजाबाकी.

अपूर्णांक असतील तर छेदांचा लसावि काढून सगळ्यांना गुणा. सगळ्यांना म्हणजे उजव्या बाजूलाही. क्ष/२ + क्ष/३ = १० याला सहाने गुणलं की ३क्ष + २क्ष = ६० होतं आणि क्ष = १२ मिळतो. उजवीकडचे दहा तसेच राहिले, की ५क्ष = १० आणि क्ष = २ असं छान दिसणारं चुकीचं उत्तर येतं. ते पकडायचा उपाय एकच, ताळा. दोनाचे अर्धे एक, एक-तृतीयांश म्हणजे पाऊणही नाही. बेरीज दहा कशी होईल? बारा घातले तर ६ आणि ४, दहा.

ताळा नेहमी मूळ समीकरणात करायचा. मधल्या ओळीत केला आणि चूक तिच्या वरच झालेली असली, तर तीही सापडत नाही. रेषीय समीकरणाला हा मोठा फायदा आहे: उत्तर बरोबर आहे की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

कधीकधी सोडवताना क्षच नाहीसा होतो. घाबरू नका, तेही उत्तरच आहे. २(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवलं की ६ = ६ उरतं. म्हणजे क्षची कोणतीही किंमत चालेल. २क्ष + ६ = २क्ष + ९ मधून ६ = ९ उरतं. म्हणजे कोणतीच किंमत चालणार नाही.

रेषीय कशाला म्हणायचं, कशाला नाही

चलाचा घात १ असला पाहिजे. क्षचा वर्ग नको, क्ष छेदात नको, दोन चलांचा एकमेकांशी गुणाकार नको. पाठ करायला हे एवढंच, पण एक उदाहरण पाहा.

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. अंतर साधारण ३४ किलोमीटर. वेग कायम ठेवला तर जितके तास जाल तितक्या पटीत अंतर वाढतं, ते नातं रेषीय आहे. पण अंतर ३४ वर बांधून ठेवा आणि वेग बदलत न्या. ताशी ३४ ला एक तास लागतो, ६८ ला अर्धा, १०२ ला वीस मिनिटं. वेग दर वेळी ३४ नेच वाढला, पण वेळ आधी तीस मिनिटांनी कमी झाला आणि नंतर फक्त दहानेच. सारख्या वाढीला सारखा बदल मिळाला नाही, म्हणजे हे नातं रेषीय नाही. वेगाला क्ष म्हटलं तर वेळ ३४/क्ष, म्हणजे इथे क्ष छेदात बसला आहे.

हीच परीक्षा मीटरला लावा. पहिल्या दीड किलोमीटरमध्ये भाडं हलतच नाही, आलेख आडवा. तिथून पुढे प्रत्येक किलोमीटरला सारखीच भर, म्हणजे सरळ तिरकी रेषा. तिच्या चढाचं माप तेच १७.१४. रात्री बारा ते पाच भाडं सव्वापट असतं, तेव्हा रेषा जास्त उभी होते. गंमत म्हणजे १७.१४ × १.५ = २५.७१. म्हणजे किमान भाडं हे त्याच दराने दीड किलोमीटरचे पैसे, वर पूर्णांकात केलेले. म्हणून, आणि आपण १४ पैसे सोडून दिले म्हणून, मघाशी १७क्ष + ०.५ मध्ये ते अर्धा रुपयाचं शेपूट उरलं होतं.

महावितरणचं घरगुती वीजबिल मात्र फसवतं. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्याच्यापुढे आणखी चढा. प्रत्येक टप्प्यात रेषा सरळ आहे, टप्पा बदलला की चढ बदलतो. एप्रिलच्या बिलाला युनिटने भागून मे महिन्याचा अंदाज बांधायला गेलात आणि एसीमुळे टप्पा ओलांडला गेला, तर हिशेब हमखास कमी येतो.

शाब्दिक उदाहरणं : वाक्य समीकरणात कसं उतरवायचं

सोडवता येतं पण मांडता येत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. ‘य ही संख्या क्षच्या तिपटीपेक्षा ४ ने लहान आहे.’ लहान कोण? य. मग क्षच्या तिपटीतून चार काढले की य मिळतो: य = ३क्ष − ४. मुलं शब्द येतील त्या क्रमाने चिन्हं मांडतात आणि चार भलत्याच बाजूतून वजा करतात. खात्रीसाठी एखादी खरी संख्या घालून बघा. क्ष १० असेल तर तिप्पट ३०, चार ने लहान म्हणजे २६. तुमचं समीकरण २६ देतं का?

वयाचं एक उदाहरण करू. आईचं आजचं वय मुलीच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलीचं आजचं वय क्ष घेतलं तर आईचं ३क्ष. बारा वर्षांनी मुलगी क्ष + १२ आणि आई ३क्ष + १२ वर्षांची.

३क्ष + १२ = २(क्ष + १२)
३क्ष + १२ = २क्ष + २४
क्ष = १२

मुलगी बारा, आई छत्तीस. बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस, बरोबर दुप्पट. नेहमीची चूक म्हणजे उजवीकडे २क्ष + १२ लिहिणं. दुप्पट ‘तेव्हाच्या’ वयाची करायची आहे, म्हणून कंस हवा. वर्षं दोघींचीही वाढतात, हेही बरेच जण विसरतात.

दोन चलं : कांदा आणि बटाटा

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांदा-बटाट्याचा स्वतंत्र बाजारच आहे, पण तिथे सौदे गोण्यांनी होतात. आपण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून किलोने घेतो, पैसे फोनवरून देतो, आणि नंतर फोनवर फक्त एकूण रक्कम दिसते. समजा एके दिवशी ३ किलो कांदे आणि २ किलो बटाटे घेतले, १५० रुपये गेले. कांद्याचा दर क्ष, बटाट्याचा य:

३क्ष + २य = १५०

एवढ्यावरून दर सांगता येणार नाही. कांदा १० आणि बटाटा ६० चालतो, २६ आणि ३६ चालतो, ४० आणि १५ सुद्धा चालतो. अशा प्रत्येक जोडीचा बिंदू आलेख कागदावर मांडा, क्ष आडव्या अक्षावर, य उभ्या. सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात. क्ष = −१०, य = ९० हा बिंदूही त्याच रेषेवर पडतो. गणिताला तो चालतो, भाजीवाल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच दराने २ किलो कांदे, ३ किलो बटाटे, १६० रुपये:

२क्ष + ३य = १६०

आता दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी करणारी जोडी हवी. एका चलाचा लोप करायचा. य घालवू. पहिल्याला ३ ने, दुसऱ्याला २ ने गुणा:

९क्ष + ६य = ४५०
४क्ष + ६य = ३२०

वजाबाकी केली की ५क्ष = १३०, म्हणजे क्ष = २६. हे पहिल्या समीकरणात घाला: ७८ + २य = १५०, य = ३६. ताळा दुसऱ्यात करा: ५२ + १०८ = १६०. ज्यात किंमत घातली त्यातच ताळा केला तर काहीच सिद्ध होत नाही.

सहगुणक, म्हणजे चलांना गुणणारे आकडे, असे अदलाबदल झालेले दिसले (३, २ आणि २, ३) की एक सोपा रस्ता आहे. दोन्ही समीकरणं मिळवा: ५क्ष + ५य = ३१०, क्ष + य = ६२. वजा करा: क्ष − य = −१०. दोन ओळींत काम होतं. दहावीला असं उदाहरण वरचेवर येतं. क्रॅमरची पद्धतही त्याच धड्यात आहे: निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, ३ × ३ − २ × २ = ५, आणि क्षसाठी (१५० × ३ − १६० × २) ÷ ५ = १३० ÷ ५ = २६. पद्धत जलद आहे, पण लोप जमल्याशिवाय तिच्या मागे लागू नये. निश्चयकात चिन्ह चुकलं तर चूक कुठे झाली ते दिसतही नाही.

आलेखावर दुसरं समीकरण ही दुसरी रेषा. दोन्ही जिथे छेदतात तो बिंदू (२६, ३६). हाताने काढलेल्या आलेखातून अपूर्णांकातली उत्तरं नीट वाचता येत नाहीत, पण तीन शक्यता मात्र तिथेच डोळ्यांनी दिसतात. रेषा एका ठिकाणी छेदतील, एकमेकींवर पडतील, किंवा समांतर राहतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही ६ किलो कांदे आणि ४ किलो बटाटे ३०० रुपयांना घेतले असते, तर नवी माहिती शून्य. पहिल्याच खरेदीची दुप्पट, तीच रेषा. तेवढाच माल २८० ला मिळाला असता तर रेषा समांतर, उकल नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ, त्याने जास्त मालावर दर कमी लावला आणि ‘दर तोच’ हे आपलं गृहीतक मोडलं. या दोन्ही वेळी निश्चयक ३ × ४ − २ × ६, म्हणजे शून्य येतो.

सराव

उत्तरं झाकून करा.

१. ४(क्ष − २) − ३(क्ष − ५) = १०
२. १७ रुपये दर धरून मीटरवर १११ रुपये झाले. एकूण अंतर किती?
३. पाच आणि दहा रुपयांची मिळून २० नाणी आहेत, रक्कम १४० रुपये. पाचची किती?
४. दोन चहा आणि तीन वडापाव ८४ रुपये. चार चहा आणि सहा वडापाव १६८ रुपये. चहा केवढ्याला?

पहिल्याचं उत्तर ३. दुसऱ्याचं साडेसहा किलोमीटर. पाच आलं असेल तर पहिली पायरी पुन्हा वाचा. तिसऱ्यात पाचची १२ नाणी, दहाची ८. चौथ्यात चहाचा एकच दर काढता येत नाही, कारण दुसरं वाक्य पहिल्याचीच दुप्पट आहे. चहा १२ आणि वडापाव २० असू शकतो, चहा १५ आणि वडापाव १८ सुद्धा.